पाडव्याच्या सकाळी दुकान उघडे राहावे म्हणून: वाढत्या ऑनलाइन व्यवसायासाठी होस्टिंगची निवड

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदार कुटुंबाच्या ऑनलाइन विक्रीचे काम मी गेली काही वर्षे पाहतो. हापूसच्या पेट्यांचे आगाऊ बुकिंग ते दरवर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी सुरू करतात आणि जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर एकाच वेळी निरोप पाठवतात. एका पाडव्याला सकाळी ९ वाजता असा निरोप गेला आणि मिनिटभरात घरच्या फोनवर विचारणा सुरू झाली, की तुमचे संकेतस्थळ उघडत नाही. पडद्यावर ५०८ हा क्रमांक आणि साधनांची मर्यादा संपल्याची सूचना दिसत होती. मी होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवले होते तिचे, कंट्रोल पॅनेल उघडले. जागा ३ जीबीच वापरलेली होती, महिन्याच्या डेटा वाहतुकीपुढे ‘अमर्याद’ असे लिहिले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांतल्या एका ओळीपुढे ‘२० पैकी २०’ असा आकडा होता. त्या ओळीकडे आम्ही वर्षभरात एकदाही पाहिले नव्हते.

संकेतस्थळ दीड तास बंद होते, पण खरा त्रास पुढे झाला. काही ग्राहकांचे पैसे बँकेतून कापले गेले होते आणि आमच्याकडे ऑर्डरची नोंदच नव्हती. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, दुकानाच्या सर्व्हरकडे पाठवतो. तो घेण्यासाठी त्या क्षणी सर्व्हर मोकळा असावा लागतो. गेटवे असा निरोप सहसा काही वेळा पुन्हा पाठवतो, तरीही काही नोंदी सुटल्याच, आणि गेटवेची यादी एका बाजूला व ऑर्डरची वही दुसऱ्या बाजूला ठेवून त्या कुटुंबाला तीन दिवस हाताने ताळमेळ घालावा लागला. ऐन हंगामाच्या तोंडावर, बागेत फळ उतरवण्याची घाई असताना गेलेले ते तीन दिवस मला आजही बोचतात. म्हणूनच होस्टिंग निवडताना जाहिरातीतले कोणते आकडे बाजूला ठेवावेत आणि कोणते नीट पाहावेत, हे मी येथे सविस्तर मांडतो आहे.

ऑनलाइन दुकानाचे पान छापील पत्रकासारखे तयार ठेवलेले नसते. वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवणारे सॉफ्टवेअर आणि त्याला दुकानाची जोड देणारे वूकॉमर्स यांवर चालणाऱ्या दुकानात ग्राहकाने पान मागितले, की पीएचपी या भाषेतला प्रोग्रॅम जागा होतो, डेटाबेसला भाव आणि शिल्लक विचारतो, उत्तरे जुळवतो आणि पान त्या वेळी तयार करून पाठवतो. लग्नाच्या पंगतीशी याची तुलना करता येईल. सर्व्हरची डिस्क म्हणजे कोठीघर, प्रोसेसरचे कोअर म्हणजे पेटत्या चुली, मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातली मोकळी जागा, आणि पीएचपीची प्रत्येक प्रक्रिया म्हणजे एक वाढपी, जो एका वेळी एकाच पाहुण्याचे ताट घेऊन उभा असतो. कोठीघरात शंभर पोती तांदूळ असला आणि चूल एकच असली, तर पंगत उपाशी बसते. होस्टिंगच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत असते ते कोठीघराचे माप. चुली किती आणि वाढपी किती हे शोधावे लागते, आणि वाढत्या दुकानाचे भवितव्य त्याच दोन आकड्यांवर ठरते.

त्या पाडव्याचा हिशेब मी नंतर लॉगवरून, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींवरून, मांडला. पहिल्या पंधरा मिनिटांत सुमारे ६०० माणसे आली. मुखपृष्ठ, पेट्यांची यादी, फळाचा आकार, पिनकोड, टोपली, पत्ता असे करत प्रत्येकाला साधारण ८ पाने लागतात. म्हणजे ९०० सेकंदांत ४८०० विनंत्या, सेकंदाला सव्वापाच. आमच्या प्लॅनमध्ये एका कोअरएवढी ताकद होती आणि एक पान तयार करायला त्या कोअरला ०.८ सेकंद लागत होते, म्हणून सेकंदाला जेमतेम सव्वा पान बाहेर पडत होते. दर सेकंदाला चार विनंत्या मागे राहत होत्या आणि प्लॅनने आत थांबायला दिलेल्या जागा होत्या २०, त्यामुळे पाच सेकंदांत त्या सगळ्या भरल्या. त्यानंतर आलेल्या बहुतेकांना ५०८ दिसले. महिन्याचा हिशेब केला तर तेच दुकान अगदी सुस्त वाटले असते; इतर दिवशी तेथे ताशी पाचदहा माणसेही येत नव्हती. ‘महिन्याला अमुक हजार भेटी’ हे जाहिरातीतले माप दुकानदाराच्या फारसे उपयोगाचे नाही, ते यामुळेच. आपल्या सर्वांत जड दिवसाच्या सर्वांत जड पंधरा मिनिटांत किती माणसे येतात, हा आकडा हाती घेऊन मगच होस्टिंगच्या प्रकारांकडे वळावे.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र राहतात. पूर्वी एखाद्या शेजाऱ्याकडे गर्दी झाली, तर सगळ्यांचीच गती मंदावत असे. आता बहुतेक कंपन्या प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एकाच वेळी आत येणाऱ्या विनंत्या यांचा ठरावीक वाटा बांधून देतात. त्यामुळे शेजाऱ्याचा उपद्रव कमी झाला, परंतु आपली मर्यादाही पक्की झाली, आणि ती सहसा विक्रीच्या पानावर न छापता अटींमध्ये दिलेली असते. ‘अमर्याद’ जागेलाही फाइलींच्या संख्येची मर्यादा असते आणि उत्पादनांचे फोटो लहानमोठ्या सात-आठ आकारांत साठवणाऱ्या दुकानाची ती लवकर भरते. असे असले, तरी शेअर्ड होस्टिंग वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. नव्या व्यवसायासाठी, ज्याला दिवसाला चारदोन ऑर्डर येतात आणि ज्याचा ग्राहक एका ठोक्याला येत नाही, त्याला तेच योग्य आहे, आणि महिन्याला काहीशे रुपयांत सर्व्हरची देखभाल दुसरा कोणीतरी करतो ही सोय मोठी आहे. घेताना विक्री प्रतिनिधीला लेखी विचारावे: कोअर किती, मेमरी किती, एकाच वेळी किती प्रक्रिया चालतील. या तीन प्रश्नांना सरळ उत्तर न देणारी कंपनी टाळावी.

शेअर्ड होस्टिंग सोडण्याआधी एक काम करणे मात्र अत्यावश्यक आहे. मुखपृष्ठ आणि पेट्यांची माहिती सगळ्यांना सारखीच दिसते. ती प्रत्येकासाठी नव्याने रांधण्याची गरज नसते, एकदा तयार केलेले पान साठवून तेच पुढे देता येते. यालाच कॅशिंग म्हणतात. टोपली आणि पैसे भरण्याचे पान मात्र प्रत्येकाचे वेगळे असते, ते साठवता येत नाही आणि साठवूही नये, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. आमच्या ८ पानांपैकी ६ पाने अशी साठवण्याजोगी निघाली. उरलेल्या दोन पानांच्या १२०० विनंत्या ९०० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १.३३. त्याच जुन्या प्लॅनची क्षमता होती १.२५. एक रुपयाही जादा खर्च न करता आम्ही गरजेच्या अगदी काठावर पोचलो होतो. दुसरा उपायही फुकटचा होता: निरोप एकदम न पाठवता शंभर-शंभर ग्राहकांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाठवणे. मोठा सर्व्हर विकत घेण्याआधी हे दोन्ही उपाय करून पाहावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण पान तयार करण्याची रीतच जड असेल तर मोठ्या सर्व्हरवरही ती जडच राहते.

आम्हाला मात्र काठावर राहून चालणार नव्हते. माणसे पंधरा मिनिटांत सारखी विभागून येत नाहीत. निम्मी पहिल्या दोन मिनिटांतच येतात. त्या दोन मिनिटांत ३०० माणसे आणि प्रत्येकी २ पाने असे धरले, तर सेकंदाला ५ विनंत्या होतात आणि ०.८ सेकंदाच्या हिशेबाने त्यासाठी ४ कोअर लागतात. येथे व्हीपीएस, म्हणजे आभासी खासगी सर्व्हर, कामाला येतो. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र सर्व्हरांत विभाजन केलेले असते. प्रत्येकाला आपली ऑपरेटिंग सिस्टिम, आपली मेमरी आणि आपले कोअर मिळतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच असे विभाजन करणारी केव्हीएम ही यंत्रणा २००७ पासून समाविष्ट आहे, आणि आज स्वस्त व्हीपीएस मिळतात त्यामागे तिचा मोठा वाटा आहे. येथेही एक भेद लक्षात घ्यावा. काही प्लॅनमध्ये कोअर फक्त आपले असतात, तर काहींत एकच कोअर अनेकांना वाटून दिलेला असतो. सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की प्रोसेसरच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ या अक्षरांजवळ एक टक्केवारी दिसते. आपल्या सर्व्हरला प्रोसेसर हवा असताना तो दुसऱ्याच्या कामात गुंतल्याने किती वेळ वाट पाहावी लागली, हे ती सांगते. गर्दीच्या वेळी तो आकडा सतत दहाच्या पुढे राहत असेल, तर आपल्याला कागदावर दिलेले कोअर प्रत्यक्षात पुरे मिळत नाहीत.

व्हीपीएसवर वाढप्यांची संख्या आपण ठरवतो, आणि नवखे लोक येथेच चुकतात. समजा, ४ जीबी मेमरी आहे. त्यातली दीड जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस घेतात, उरते अडीच जीबी. पीएचपीची एक प्रक्रिया १०० एमबी घेत असेल, तर २० प्रक्रिया सुरक्षितपणे चालतील. कोणी उत्साहाने तो आकडा ६० केला, तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते, आणि लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी सर्वांत जास्त मेमरी घेणारी प्रक्रिया बंद करते. ती बहुधा डेटाबेस असते, आणि डेटाबेस गेला की दुकानच बंद होते. चार चुलींच्या स्वयंपाकघरात साठ वाढपी उभे केले, तर कोणालाच हलायला जागा राहत नाही.

ही सेटिंग कोण पाहणार, हा प्रश्न माझ्या मते होस्टिंगच्या प्रकारापेक्षाही मोठा आहे. अनमॅनेज्ड व्हीपीएस स्वस्त मिळतो, पण त्याचे सुरक्षा अपडेट, फायरवॉल, डेटाबेसची निगा आणि रात्री दोन वाजता बंद पडल्यावर उठणे हे सगळे आपल्याकडे असते. मॅनेज्ड व्हीपीएसला कितीतरी जास्त पैसे पडतात, आणि ते पैसे यंत्राचे नसून यंत्राकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसांचे असतात. ज्या घरात सगळी माणसे बागेत, पॅकिंगमध्ये आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे असतात, तेथे अनमॅनेज्ड सर्व्हर घेणे म्हणजे पंप बसवून वायरमन न ठेवण्यासारखे आहे. आम्ही ४ कोअरचा मॅनेज्ड व्हीपीएस घेतला. ‘मॅनेज्ड’ या शब्दात नेमके काय येते, हेही आधी विचारले, कारण काही कंपन्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंतच जबाबदारी घेतात, वर्डप्रेसला हात लावत नाहीत.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे पूर्ण यंत्र एकट्यासाठी. त्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. दिवसभर सारखाच मोठा भार असलेल्या किंवा नियमांमुळे यंत्र वेगळे ठेवावे लागणाऱ्या व्यवसायांना तो परवडतो. वर्षातले दहा महिने शांत असणाऱ्या आंब्याच्या दुकानाला तो परवडत नाही, शिवाय त्यात डिस्क किंवा मेमरी बिघडली, तर सुटा भाग बदलेपर्यंत थांबावे लागते.

क्लाउडची कल्पना हंगामी व्यवसायाला मनापासून आवडण्यासारखी आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या भाड्याने सर्व्हर देण्यास सुरुवात केली, तेव्हापासून लागेल तेव्हा मोठे आणि नको तेव्हा लहान होता येते. मार्चअखेरीस ८ कोअर घ्यावेत, जूनमध्ये पाऊस लागला की २ कोअरवर यावे. कोअर आणि मेमरी अशी खालीवर करणे बहुतेक ठिकाणी एका पुनर्प्रारंभाचे काम असते; डिस्क मात्र वाढवता येते आणि अनेक ठिकाणी पुन्हा कमी करता येत नाही, म्हणून हंगामासाठी डिस्क वाढवू नये. बिलाच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. मोठ्या क्लाउड कंपन्या सर्व्हर, डिस्क, बॅकअप आणि बाहेर जाणारा डेटा यांचे पैसे वेगवेगळे लावतात. फोटो मोठे असतील, तर बाहेर जाणाऱ्या डेटाचे बिल अनपेक्षित येते. पहिल्याच दिवशी खर्चाच्या मर्यादेची सूचना लावून ठेवावी. आणखी एक गैरसमज पसरलेला आहे, की क्लाउडवर गेले म्हणजे गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढतात. तसे वाढण्यासाठी फोटो, सत्रे (प्रत्येक ग्राहकाच्या चालू भेटीची तात्पुरती नोंद) आणि डेटाबेस वेगवेगळे ठेवून दुकानाची रचनाच बदलावी लागते. साधे वर्डप्रेस उचलून क्लाउडवर ठेवले, तर तो एक सर्व्हरच राहतो, थोडा महाग.

या सगळ्यापासून दूर राहायचे असेल, तर शॉपिफायसारखे तयार दुकानाचे मंच आहेत. तेथे सर्व्हर कोणता हा प्रश्नच ग्राहकापर्यंत येत नाही, मासिक भाडे द्यावे आणि माल विकावा. ज्यांच्याकडे तांत्रिक माणूस नाही आणि ज्यांची विक्रीची पद्धत सर्वसाधारण आहे, त्यांना मी हाच मार्ग सुचवतो. मात्र काही मंचांवर बाहेरचा पेमेंट गेटवे वापरल्यास प्रत्येक व्यवहारामागे जादा शुल्क पडते, आणि ‘या पिनकोडला मंगळवारीच गाडी जाते, कच्चे फळ पाठवू की अर्धे पिकलेले’ अशी आपल्या धंद्याची खास रीत त्यात बसवणे अवघड जाते. आम्ही तेथे गेलो नाही, ते या दुसऱ्या कारणाने.

सर्व्हर कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याच्या ग्राहकाची विनंती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि पान सुरू होण्याआधी जोडणी व सुरक्षित कुलूप यांसाठी अशा तीनचार फेऱ्या होतात. म्हणजे सर्व्हरने काही काम करण्याआधीच पाऊण ते एक सेकंद गेला. मुंबईतल्या सर्व्हरवर याच फेऱ्या मिळून दशांश सेकंदाच्या आसपास होतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह तीन भारतीय शहरांत आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली, त्यामुळे आता परदेशी सर्व्हर घेण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिकेत राहून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणारे ग्राहक आमच्याकडे बरेच आहेत. त्यांच्यासाठी फोटो आणि साठवलेली पाने सीडीएनवर, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावर ठेवली, की पुरते.

हमीपत्रातले ‘९९.९ टक्के’ हेही नीट वाचावे. वर्षाच्या ८७६० तासांचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. पाडव्याची संपूर्ण सकाळ बंद पडली, तरी वर्षाच्या हिशेबात ती त्या हमीत बसते. महिन्याच्या हिशेबाने हमी दिली असेल तर मुभा ४३ मिनिटांची असते. हमी मोडली, तर सहसा भाड्यातला काही भाग परत मिळतो, गेलेल्या ऑर्डरचे पैसे मिळत नाहीत. आमच्या वेळी तर सर्व्हर सुरूच होता, फक्त आमचे खाते मर्यादेवर अडले होते, म्हणून तो दीड तास कंपनीच्या मोजणीत आलाच नाही.

बॅकअपविषयी मी अधिक कळकळीने लिहितो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. लाखो संकेतस्थळे बंद पडली. बॅकअपसाठी पैसे मोजणाऱ्या काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते आणि तेही गेले. अशा एका ग्राहकाच्या बाजूने तेथील न्यायालयाने २०२३ मध्ये निकाल दिला. होस्टिंग कंपनी बॅकअप घेते, एवढ्यावर थांबू नये. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात असावी, आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून दुकान रिकाम्या सर्व्हरवर उभे करून पाहावे. आम्ही पहिल्यांदा तसे करून पाहिले, तेव्हा फोटो आले आणि डेटाबेसची फाइल अर्धवट निघाली. चार महिने रोज रात्री तीच अर्धवट फाइल साठत होती.

खर्चाचा अंदाज बांधताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर धरू नये. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असणे सर्रास आढळते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने आपला क्रमांक बिलावर घालून घ्यावा, म्हणजे नियमांत बसत असल्यास त्याची वजावट मिळते. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आणि ईमेल शक्यतो होस्टिंग कंपनीपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर न ठेवता व्यवसायाच्या नावावर असावे. म्हणजे होस्टिंग बदलताना कोणाची मनधरणी करावी लागत नाही आणि ईमेल बंद पडत नाही.

स्थलांतर आम्ही जुलैमध्ये केले, पेट्या संपलेल्या आणि भातलावणी सुरू असताना. दोन दिवस आधी डोमेनच्या नोंदीतला टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावा तो काळ, २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणला. नव्या सर्व्हरवर दुकान उभे करून चाचणीसाठी १ रुपयाचे उत्पादन ठेवले आणि घरातल्या चार फोनवरून, चार वेगवेगळ्या बँकांतून पैसे भरून पाहिले, की ऑर्डर नोंदते का, गेटवेचा निरोप पोचतो का, पावतीचा ईमेल जातो का. तिसऱ्या फोनवर पावती आली नाही. ईमेलची एक सेटिंग राहून गेली होती. ती दुरुस्त केल्यावर रात्री अकरा वाजता जुन्या दुकानात ऑर्डर घेणे थांबवले, डेटाबेसची शेवटची प्रत नव्या ठिकाणी आणली आणि डोमेन तिकडे वळवले. जुने होस्टिंग आणखी पंधरा दिवस चालू ठेवले. पुढच्या पाडव्याला निरोप तीन टप्प्यांत गेला, आणि सकाळी साडेनऊपर्यंत पॅनेलमधला प्रोसेसरचा आलेख साठ टक्क्यांच्या वर गेला नाही.